आईनं न म्हटलेला कोशोक

अनारकान एजे पहिल्या भेटीत आवडली, असं छातीला हात लावून सांगणारा माणूस अख्ख्या बिश्केकमध्ये सापडायचा नाही. बोलणं तुटक, कपाळाला कायमची आठी, आणि कचेरीत पाऊल टाकल्याबरोबर पहिलं काम म्हणजे खिडकी बंद करणं आणि ती ज्यानं उघडली त्याला चार शब्द सुनावणं. हिवाळ्यात कोळशाच्या धुरानं या शहराचं नुसतं धुराडं होतं. अशा दिवसांत खिडकी उघडणाऱ्याला अक्कल नाही असं तिचं मत, आणि खरं सांगायचं तर ते काही चुकीचं नव्हतं. तरी सगळे तिला एजे म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. स्टुडिओत तिच्याहून जुनं काही असेल तर ते जिन्यातल्या भिंतीचे पोपडे.

तिचं काम वाचण्याचं. सरकारी टीव्हीवर होती तेव्हापासून ती हेच करत आली होती. मालिकेची स्क्रिप्ट शूटिंगला जायच्या आधी अनारकानच्या टेबलावर यायची आणि तिची लाल पेन्सिल फिरल्याशिवाय पुढं सरकायची नाही. कुठं शिवी आहे, कुठं जास्तच रक्त सांडलंय, कुठं नवरा बायकोवर हात टाकतो, कुठं पोरगा दारू ढोसून बापाला वाट्टेल ते बोलतो. संध्याकाळी आजीपासून नातवंडांपर्यंत सगळं घर चहा आणि बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, ताटली घेऊन एकाच टीव्हीसमोर बसतं. तिथं भलतंसलतं काही दिसलं की लोक फोन करून स्टुडिओवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरतात. तसं होऊ नये म्हणून अनारकान. पानाच्या कडेला ती फार काही लिहायची नाही. ‘काढा’, एवढंच. लेखक तावातावानं वाद घालायला यायचे आणि हात हलवत परत जायचे.

मग टीव्हीवाल्यांनी नवीन खूळ काढलं. प्रत्येक प्रसंगाला वयाचा आकडा हवा. सहा वर्षांपुढच्यांनी पाहावा, की बारा, की सोळा, की अठरा? आणि संध्याकाळच्या वेळेला बाराच्या वरचं काही चालणार नाही. स्टुडिओचा मालक कुबात हा वाऱ्याची दिशा बघून टोपी फिरवणारा माणूस. त्यानं लगेच एक सॉफ्टवेअर आणलं आणि ते चालवायला मीरिम नावाची एक मुलगी ठेवली. स्क्रिप्ट आत टाकायची, की ते प्रसंगागणिक आकडा आणि रंग दाखवणार. हिरवा म्हणजे खुशाल दाखवा, लाल म्हणजे अठरा. पण त्याला आधी शिकवायला हवं होतं, आणि शिकवणार कशावरून? अनारकानच्या कपाटात गेल्या दहा वर्षांच्या स्क्रिप्टा होत्या, लाल खुणांसकट; त्याआधीच्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. मीरिमनं त्या सगळ्या एकेक करून त्याच्या घशात घातल्या.

सुरुवातीला अनारकान फुरंगटून बसली. मग हळूहळू तिला मजा वाटू लागली, कारण ते यंत्र हुबेहूब तिच्यासारखं वागायला लागलं. मुलगा आईला उलटून बोलला की थेट सोळा. बेवड्याला दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला तर बारा, नाही झाला तर सोळा. हिवाळ्याच्या बेगमीला घोडा कापतात तो प्रसंग मात्र हिरवागार, कारण घोडा कापण्यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, हे अनारकानला जन्मात कधी कळलं नव्हतं. मीरिम म्हणाली, एजे, दुसऱ्या स्टुडिओतलं यंत्र घोड्याला अठरा देतं. अनारकान म्हणाली, मग ते रशियन असेल.

कॅमेरावाल्यांपैकी एकानं त्या यंत्राचं नाव पाडलं, एजेची नवी सून. सासूचा शब्द खाली पडू देत नाही, उलटून बोलत नाही, माहेरी जायचं नाव काढत नाही. सगळे खो खो हसले. अनारकान हसली नाही. ती उठून चहाची किटली भरायला गेली आणि बराच वेळ नळाशी उभी राहिली.

कारण तिला खरी सून होती. गुलझात. मुलगा एर्मेक, एकुलता एक, रशियात बांधकामावर गेला, आमच्याकडची निम्मी तरणी पोरं जातात तसाच. तिथून तो दर रविवारी फोन करायचा, आपा, जेवलीस का, म्हणून विचारायचा. आमच्यात आईला आपा म्हणतात. मग अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत फोन दुसऱ्याच कुणाचातरी आला आणि मागोमाग पेटी आली. झाकण ठोकून बंद केलेली. भिंत पडली म्हणाले. पेटी उघडू नका म्हणाले.

कोचकोरजवळ त्यांचं गाव. अंगणात नमद्याचा गोल तंबू उभा राहिला, पेटी आत ठेवली. पुरुष रस्त्यापासूनच ‘माझ्या भावा, माझ्या पाठीराख्या’ असा हंबरडा फोडत धावत येत होते. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आणि तिथं, ज्या बाईचं माणूस गेलंय तिनं कोशोक म्हणायचा असतो. नुसतं रडून भागत नाही. गेलेल्याचं जगणं शब्दांत गुंफायचं, सूर लावायचा, ऐकणाऱ्याच्या आतड्याला पीळ पडला पाहिजे असं म्हणायचं. आधी आईनं, मग बायकोनं. कोशोकाशिवाय माणूस मातीत गेला तर त्याला कुणी नव्हतंच असं होतं.

अनारकानच्या तोंडून शब्द फुटला नाही. बायका थांबल्या. मग कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं. तरी नाही. शेवटी शेजारी बसलेल्या गुलझातनं सुरुवात केली, आणि पोरीनं आवाज बसेपर्यंत एकटीनं म्हटलं.

पोरगी काय म्हणतेय ते आपापल्या रडण्यात बायकांनी नीट ऐकलंच नाही, त्या बघत होत्या गप्प बसलेल्या आईकडे, आणि तिच्या गप्प बसण्याचा त्यांनी भलताच अर्थ काढला. दुसऱ्या कुठल्या मुलखात म्हणाले असते, बिचारी, धक्का बसलाय. आमच्याकडे नाही. शोकाच्या तंबूत आई गप्प बसली म्हणजे तिला सुनेच्या मांडीला मांडी लावून कोशोक म्हणायचा नाही, आणि तो म्हणायचा नाही म्हणजे पोराच्या मरणाचं खापर ती सुनेवर फोडतेय. झालं. सुनेला शहरात घर हवं होतं, तिनंच भरीस घालून पाठवला, अशी आवई गावभर झाली. पाणवठ्यावर गुलझातशी कुणी बोलेना. तिच्या हातचा चहा बायका नको म्हणू लागल्या. अनारकान ते वर्षभर सुट्टी काढून गावीच होती, तिला हे सगळं दिसत होतं. उद्या बोलू, पाहुणे गेले की बोलू, वर्षाचं जेवण होऊ दे मग बोलू. वर्षाचं जेवण झालं आणि दुसऱ्या आठवड्यात गुलझात लेकीला कडेवर घेऊन तलासला बापाच्या घरी निघून गेली. पुढं तिथंच तिचं दुसरं लग्न झालं. नात तेव्हा नीट बोलतही नव्हती. अनारकाननं अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

बिश्केकला परतली आणि पहिली जी स्क्रिप्ट हातात आली तीत कोशोक होता. तिनं दोन ओळी वाचल्या आणि लाल पेन्सिल ओढली. काढा. पुढचा आला, काढा. का, असं कुणी विचारलं नाही. एजेला कोशोक चालत नाही, एवढं लेखकांनी ओळखलं आणि हळूहळू लिहायचंच सोडलं. मालिकांमधून माणसं मरत राहिली आणि त्यांच्यावर वाद्यमेळ वाजत राहिला.

अशात गेल्या हिवाळ्यात ओरोझबेकची स्क्रिप्ट आली. ओरोझबेक स्टुडिओतला लेखक, गावाकडचाच, एर्मेकच्या वर्गातला. त्यानं स्क्रिप्ट टेबलावर ठेवली नाही, अनारकानला जिन्यात गाठलं. म्हणाला, मालिकेत एक तरुण मुलगा परदेशात मरतो आणि त्याची बायको कोशोक म्हणते. तो कोशोक मी रचलेला नाही. मी त्या दिवशी तंबूबाहेर उभा होतो, एजे, गुलझातचा शब्द न् शब्द माझ्या डोक्यात बसलाय. तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आपांना विचार, त्यांनी हो म्हटलं तरच.

अनारकाननं पानं घेतली. जिन्यात उभ्याउभ्या वाचली नाहीत. टेबलाशी आली, खिडकी बंद आहे ना पाहिलं, चष्मा पुसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक कोशोक शेवटपर्यंत वाचला.

तंबूत तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागून सून हे म्हणत होती आणि तिच्या कानांत नुसती भणभण होती. आता कागदावर शब्द होते. ‘माझ्या राजा, तुझ्या पेटीचं झाकण उघडेना, मला आत घ्या गं कुणी. माझ्या राजा, काळ्या मातीनं आधी माझं तोंड का नाही भरलं.’ हे सगळ्याच बायका म्हणतात. पण पुढं होतं, ‘माझ्या राजा, तुझा पासपोर्ट मी पिठाच्या डब्यात पुरला होता. तो उकरून तुझ्या हाती कुणी दिला, मी सांगायची नाही, मी सांगायची नाही.’

तो उकरून दिला होता अनारकाननं. एर्मेक घर उलथंपालथं करत होता, सून चुलीशी बसून मुकाट रडत होती. अनारकानला वाटलं, पोरगं दोन वर्षं जाईल, चार पैसे घेऊन येईल, घराला छप्पर होईल. तिनं डब्यात हात घातला, पासपोर्ट काढला, पीठ झटकलं आणि त्याच्या हातात ठेवला. गुलझातनं ते पाहिलं होतं. आणि गावासमोर, पेटीसमोर, सगळं खापर आपल्या डोक्यावर फुटताना तिनं सासूचं नाव घेतलं नव्हतं.

अनारकान टेबलावर दोन्ही हात पसरून बसून राहिली. कुबात दोनदा आत डोकावून गेला. शेवटी तिनं ओरोझबेकला बोलावलं आणि सांगितलं, आहे तस्सं जाऊ दे, एक अक्षर हलवायचं नाही. तिच्या मनात एकच होतं. गावातलं एक घर असं नव्हतं जिथं ही मालिका लागत नव्हती. नावं बदललेली असली तरी पासपोर्ट आणि पिठाचा डबा ऐकला की बायका ओळखतील. ज्या पोरीला त्यांनी गावातून उठवलं तिचा शब्द त्यांच्या घरात शिरेल, आणि या वेळी तो ऐकावा लागेल.

दुपारी मीरिमनं स्क्रिप्ट यंत्रात टाकली. सगळे प्रसंग हिरवे. तंबूचा प्रसंग लाल. अठरा.

कुबात वाईट माणूस नाही, पण घाई झाली की त्याला माणूस दिसत नाही. दुसऱ्या दिवशी शूटिंग, तंबू भाड्यानं आणलेला, कलाकार गावाला पोचलेले. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत हा प्रसंग बाराच्या आत आणा, नाहीतर तंबू बाहेरनं दाखवू आणि वर कोमुझच्या तारा वाजवू. अनारकान उभी राहिली. म्हणाली, मी वाचलाय हा प्रसंग. यात काही नाही. मी बारा देते, लिहून घे.

“एजे, टीव्हीवाले तुमचा शब्द घेत नाहीत, याचा आकडा घेतात,” कुबात म्हणाला. “आणि हे तरी वेगळं काय सांगतंय? तुमचंच सांगतंय.”

तिला ते कळलं नाही असं नाही. तरी ती मीरिमकडे वळून म्हणाली, चुकलंय तुझं यंत्र. मीरिमनं खाली मान घालून सांगितलं, एजे, त्याला शिकवलेल्या स्क्रिप्टांमध्ये जिथं जिथं कोशोक आहे तिथं तिथं तुमची लाल खूण आहे. एकही सुटलेला नाही. त्याला वाटतं, कोशोक म्हणजेच वाईट. हे त्याच्या डोक्यातून काढायचं तर सगळं पुन्हा शिकवावं लागेल, महिना जाईल. ती बिचारी असं बोलत होती जणू चूक तिचीच.

कुबात निघून गेला. ओरोझबेकनं आधीच हात वर केले होते. म्हणाला, त्यातला शब्द मी तोडणार नाही, माझा नाहीच तो. मग अनारकान आणि मीरिम दोघीच उरल्या, आणि अनारकान सुनेचा कोशोक दुरुस्त करायला बसली.

याहून वाईट काम तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आधी ‘मला आत घ्या’ काढलं. यंत्र म्हणत होतं ती जीव द्यायची भाषा आहे. लालच. काळी माती काढली. लालच. ‘माझ्या राजा’ काढलं, तेव्हा अनारकाननं डोळे मिटून घेतले. तरी लालच. शेवटी नुसता पासपोर्ट आणि पिठाचा डबा राहिला. तोही लाल, कारण यंत्र आता शब्द बघतच नव्हतं. बाई तंबूत बसली, भिंतीकडे वळली आणि गेलेल्याला हाक मारून सुरात म्हणू लागली, एवढं त्याला पुरे होतं. बायकोनं नवऱ्यासाठी म्हटलेल्या कोशोकाची चालच ते ओळखत होतं. इतकं चोख शिकवलं होतं तिनं.

मीरिमला कीव आली. ती सुचवावं म्हणून म्हणाली, “एजे, प्रसंगात त्या मुलाची आई पण बसलीय ना? बायकोऐवजी तिला काहीतरी बोलू दे. गायला नको, नुसतं बोलू दे. काय म्हणेल ती?”

अनारकान म्हणाली, ती काही म्हणत नाही. ती गप्प बसते.

मग थोड्या वेळानं तिनं खुर्ची फिरवली. तिच्या टेबलामागं भिंत होती, तिच्यावर जुनं कॅलेंडर आणि विजेचा बोर्ड. तिकडे तोंड करून ती बसली, हात मांडीवर घेतले, आणि बोलायला लागली. सूर नव्हता. तिची आई पंचक्रोशीत नावाजलेली कोशोक म्हणणारी होती, पण हिच्याकडे त्यातलं काही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्या फेब्रुवारीत गेलं. ती आपली मुलाशी फोनवर बोलावं तशी बोलली. मीरिमला आधी कळेना, मग तिची बोटं आपोआप चालू लागली.

“एर्मेक, तू म्हणालास इथं थंडी नाही आपा, आणि मी म्हटलं बरं. पुन्हा विचारलं नाही. भिंत पडली म्हणाले. कुणाची भिंत, ते मी विचारलं नाही. पेटी उघडू नका म्हणाले, मी उघडली नाही. तुझं तोंड मी बघितलं नाही, एर्मेक, मी सगळ्यांचं ऐकत बसले. तुझ्या बायकोनं तुला अडवलं होतं. तिनं पासपोर्ट पिठात लपवला, मी तो काढला, मी तुला दिला. पीठसुद्धा मीच झटकलं. लोकांना वाटलं मी तिच्यावर रागावून गप्प आहे. मी तिच्यावर रागावले नव्हते रे. मला तोंड नव्हतं.”

एवढंच. ती थांबली तेव्हा मीरिमच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि नाक पुसायला तिला रुमाल सापडत नव्हता. अनारकान कोरडीच होती. तिनं खुर्ची वळवली आणि चष्मा घालून विचारलं, किती आला?

हिरवा आला होता. सहा.

मीरिमनं पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा सहा. यात आक्षेप घेण्यासारखं काही आढळलं नाही, असं यंत्र सांगत होतं. असल्या बोलण्यावर अनारकाननं कधी लाल पेन्सिल ओढलीच नव्हती, कारण असलं बोलताना तिनं कुठल्या आईला कधी ऐकलंच नव्हतं.

कुबात एकदम खूश. म्हणाला, हे बघा, किती शांत, किती सोज्वळ, हेच पाहिजे होतं, आधी का नाही सुचलं? अनारकाननं त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हणाली, बायकोचं असू दे आणि आईचंही असू दे, आधी तिचं, मग माझं; रिवाज उलटा आहे, तरी चालेल. गायला नको, पुटपुटू दे. नुसते ओठ हलू दे. कुबात म्हणाला, एजे, ते लाल आहे. तुम्हीच आयुष्यभर सांगत आलात, लाल ते लाल. आयुष्यभर ती तेच सांगत आली होती.

प्रसंग तसाच झाला. म्हातारी नटी भिंतीकडे तोंड करून बोलली, आणि शेजारी बसलेली काळ्या रुमालातली सून शेवटपर्यंत गप्प राहिली. ओरोझबेक शूटिंगला गेला नाही. त्यानंतर तो अनारकानला जिन्यात भेटला की भिंतीच्या कडेनं जाऊ लागला.

मालिका लागली त्या संध्याकाळी गावाहून फोनवर फोन आले. चुलत जाऊ रडली. जिनं त्या दिवशी कोपरानं ढोसलं होतं तीही रडली, म्हणाली, आम्हाला काय माहीत गं, आम्ही त्या पोरीला उगाच बोल लावला. कुणी म्हणालं, याला काय कोशोक म्हणतात का, सूर नाही काही नाही. पण पासपोर्टाची गोष्ट सगळ्यांना कळली होती. अनारकान हं हं करत राहिली. ती वेगळ्याच फोनची वाट बघत होती. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्याच्या अखेरीला आला, ती बटाटे सोलत होती तेव्हा.

गुलझातचा आवाज जाडसर झाला होता. तिनं रीतीप्रमाणे सगळं विचारलं. तब्येत कशी, पाय दुखतात का, शहरात धूर आहे का. अनारकाननंही विचारलं, तलासला बर्फ किती, गुरं बरी आहेत ना, पोर बरी आहे ना. सगळी बरी होती.

“आपा, माझं कुठं गेलं?” गुलझात म्हणाली.

अनारकाननं सांगितलं. यंत्राचं, लाल रंगाचं, आकड्याचं, एकही गोष्ट न लपवता. मग गुलझातनं विचारलं, कोशोक वाईट असतो हे त्याला कुणी शिकवलं?

“मी.”

पलीकडे कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. गुलझात बोलली तेव्हा रागानं बोलली नाही, तेच अनारकानला सोसेना. म्हणाली, “टीव्हीवर म्हणालात ते मी ऐकलं. बरं झालं म्हणालात. पण तेव्हा तंबूत म्हणाला असतात ना आपा, एवढंच, बिनसुराचं, तर मला ते घर सोडावं लागलं नसतं. मी तुमच्यासाठी वर्षभर थांबले होते.”

अनारकान म्हणाली, “हो.” मग घाईघाईनं म्हणाली, पोरीशी बोलू का जरा, एक मिनिट, नुसता आवाज ऐकते. गुलझात म्हणाली, ती अभ्यासाला बसलीय. पण फोन ठेवायच्या आधी तिकडून एका मुलीचा आवाज आला, मोठ्या झालेल्या मुलीचा, थोडासा घोगरा, कोण आहे गं, असं विचारत.

“कुणी नाही,” गुलझात तिला म्हणाली. “बिश्केकच्या एक आजी आहेत, ओळखीच्या.”

मग फोन बंद झाला. अनारकाननं उरलेले बटाटे सोलले.